पहिला क्रमांक आणि बारा आठवडे

जून 2014 मध्ये अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या अभ्यासक्रमांची एक क्रमवारी प्रसिद्ध झाली. माध्यमिक शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीचं. शंभर-दीडशे वर्षं जुनी अध्यापन महाविद्यालयं असलेल्या देशात ही चांगलीच खळबळजनक बातमी होती, कारण या विद्यापीठाला वर्ग नाहीत, वसतिगृह नाही, मैदान नाही. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत त्याचं कार्यालय आहे आणि विद्यार्थी देशभर आपापल्या घरी बसून शिकतात. फळ्यापुढे उभं राहायची विद्या, आणि तीही फळा नसलेल्या विद्यापीठात!

ऑनलाइन शिक्षणाच्या यशाच्या बातम्या आपण आता रोज वाचतो. इतके लाख विद्यार्थी, अमुक मानांकन, तमुक क्रमांक. त्यातल्या बहुतेक जाहिरातीच असतात. ही बातमी तशी नव्हती. पण तिच्यात जे छापून आलं, त्याहून जे आलं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी हे विद्यापीठ निघालं कसं ते पाहू. नावातले ‘गव्हर्नर्स’ म्हणजे खरोखरच राज्यांचे गव्हर्नर. अमेरिकेत गव्हर्नर हा आपल्याकडच्या राज्यपालासारखा नसतो. तो निवडून आलेला, राज्याचा कारभार हाकणारा असतो, म्हणजे आपल्या हिशेबात मुख्यमंत्रीच. पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांची एक संघटना आहे. 1995 मध्ये त्यांच्या बैठकीत ही कल्पना निघाली. युटाचे माइक लेव्हिट आणि कोलोरॅडोचे रॉय रोमर हे तिचे मुख्य पुरस्कर्ते. एक रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅट. 1997 मध्ये 19 गव्हर्नरांनी मिळून ना-नफा तत्त्वावरची ही खासगी संस्था स्थापन केली. प्रत्येक राज्याने सुरुवातीला एक लाख डॉलर घातले.

गरज काय होती, हे त्या राज्यांचा नकाशा पाहिला की कळतं. वायोमिंग हे राज्य आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान आहे. लोकसंख्या मात्र सहा लाखांच्याही खाली, म्हणजे आपल्या सोलापूर शहरापेक्षा कमी. चार वर्षांची पदवी देणारं सरकारी विद्यापीठ अख्ख्या राज्यात एकच, लॅरमीला. एखाद्या दूरच्या गावातल्या, दोन मुलं आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईने पदवीसाठी तिथे जाऊन राहायचं म्हणजे सगळा संसार उचलून न्यायचा. दुसरीकडे युटा, नेवाडा अशा राज्यांची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि प्रत्येक नव्या वस्तीला नवा विद्यापीठ परिसर बांधून देणं कुठल्याच खजिन्याला परवडणारं नव्हतं. इंटरनेट नुकतंच घराघरांत शिरत होतं. गव्हर्नरांना त्यात वाट दिसली.

कॅलिफोर्निया या मंडळीत आलं नाही. आमचं आम्ही करू, म्हणत त्या राज्याने स्वतःचं आभासी विद्यापीठ काढलं आणि ते 1999 मध्ये गुंडाळलंही. वेस्टर्न गव्हर्नर्सची सुरुवातीची वर्षंही काही दिमाखदार नव्हती. मोठमोठ्या घोषणा झाल्या, विद्यार्थी मात्र तुरळक आले. प्राध्यापकांच्या संघटनांचा विरोध होता, वर्तमानपत्रांतून टिंगलही झाली. पण ही संस्था टिकली. त्याचं श्रेय इंटरनेटपेक्षा दुसऱ्याच एका निर्णयाला द्यायला हवं, असं मला वाटतं. तो निर्णय घड्याळाबद्दलचा होता.

पदवी म्हणजे काय, याचं उत्तर अमेरिकेत (आणि आता आपल्याकडेही) तासांत दिलं जातं. याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1905 मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देता यावं म्हणून एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन द्यायची तर महाविद्यालय कशाला म्हणायचं हे ठरवायला हवं. कारण त्या काळात हायस्कूलच्या दर्जाच्या संस्थाही बिनदिक्कत कॉलेज म्हणवून घेत. मग प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये अमुक इतके एकक पूर्ण झालेले असले पाहिजेत, अशी अट आली. एक विषय वर्षभर शिकायचा, मिळून 120 तास, म्हणजे एक एकक. याच मापाच्या धर्तीवर पुढे महाविद्यालयांत क्रेडिट-तास आले. पेन्शनीच्या हिशेबासाठी काढलेलं माप अशा रीतीने शिक्षणाचं माप होऊन बसलं. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक मोजले जातात तेही तासांवरच. पंधरा तासांची व्याख्यानं म्हणजे एक श्रेयांक.

या मोजणीत वेळ पक्की असते आणि शिकणं सैल. सत्र संपलं की परीक्षा. कुणाला नव्वद टक्के विषय कळलेला असतो, कुणाला पस्तीस, आणि दोघंही पुढे सरकतात. वेस्टर्न गव्हर्नर्सने हे उलटं केलं: शिकणं पक्कं, वेळ सैल. प्रत्येक विषयात काय काय यायला हवं याची यादी आधी ठरवायची आणि ते येत असल्याचं दाखवलं की विषय संपला, मग त्याला चार महिने लागोत की चार दिवस. अ, ब, क अशा श्रेण्या नाहीत. उत्तीर्ण किंवा ‘अजून नाही’, एवढंच. शुल्क विषयागणिक नसून सहा महिन्यांचं एकरकमी असतं. 2014 च्या सुमाराला शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते 2,900 डॉलरच्या आसपास पडे, आणि तेवढ्यात सहा महिन्यांत जमतील तेवढे विषय पूर्ण करायची मुभा होती. ज्याला विषय आधीपासून येतो त्याचा पैसा आणि वेळ दोन्ही वाचणार, आणि ज्याला येत नाही त्याचा वाढणार. अमेरिकी विद्यापीठांच्या फीचे आकडे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या व्यवस्थेचं आकर्षण वेगळं सांगायला नको.

घड्याळ मोडताना या विद्यापीठाने प्राध्यापकाचंही विभाजन केलं. आपल्या डोळ्यांपुढचा प्राध्यापक शिकवतो, अडलेलं समजावतो, पेपर काढतो, तपासतो आणि जमलं तर विद्यार्थ्याची विचारपूसही करतो. इथे ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे गेली. प्रवेशापासून पदवीपर्यंत साथ देणारा एक मार्गदर्शक असतो. तो ठरावीक दिवशी फोन करतो, अभ्यास कुठवर आला विचारतो, रेंगाळणाऱ्याला हलवतो. विषयातली अडचण सोडवायला त्या विषयाचा जाणकार वेगळा. काम तपासणारा आणखी वेगळा, आणि तो विद्यार्थ्याला ओळखतही नाही. परीक्षा असेल तर वेबकॅमसमोर, पलीकडून पहारा ठेवणारा माणूस असताना द्यायची. तपासणाऱ्याला विद्यार्थ्याची ना दया येणार ना राग, ही यातली जमेची बाजू. पण आपल्याला शिकवलं कुणी, असं या विद्यार्थ्याला विचारलं तर तो कुणाचं नाव सांगेल? हा प्रश्न पुढे या विद्यापीठाला फार महागात पडायची वेळ आली होती. त्याकडे येऊच.

2003 मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे अमेरिकेतल्या चार विभागीय मान्यता मंडळांनी एकत्र येऊन या विद्यापीठाला मान्यता दिली. असं आधी कधीच झालं नव्हतं. दुसरी म्हणजे त्याचं टीचर्स कॉलेज सुरू झालं. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीच केंद्रीय शिक्षण खात्याने एक कोटी डॉलरचं अनुदान दिलं होतं. वेळही नेमकी साधली गेली. 2002 च्या सुरुवातीला ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा कायदा झाला होता आणि प्रत्येक वर्गात पूर्ण पात्रताधारक शिक्षक असलाच पाहिजे असं त्याने ठणकावून सांगितलं होतं. गरीब वस्त्यांतल्या, केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांमधल्या शिक्षक-सहायकांवरही त्याने महाविद्यालयीन शिक्षणाची किंवा परीक्षेची अट घातली. अमेरिकेत असे सहायक मोठ्या संख्येने आहेत. वर्गात शिक्षकाच्या हाताखाली काम करायचं, मागे पडलेल्या मुलांना बाजूला बसवून वाचून घ्यायचं, विशेष गरजा असलेल्या मुलांकडे पाहायचं. बहुतेक स्त्रिया, पगार बेताचा, अनुभव दांडगा आणि हातात पदवी नाही. दिवसा शाळेत मुलांमध्ये आणि रात्री पडद्यासमोर, अशा विद्यार्थिनींसाठी ही व्यवस्था जणू मापून शिवली होती. 2006 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय मान्यता परिषदेनेही टीचर्स कॉलेजला मान्यता दिली. पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या विद्यापीठाला तिने दिलेली ही पहिलीच मान्यता. माझ्या मते या संस्थेच्या शिक्षण विभागाची खरी मोठी बातमी ही, 2014 ची नव्हे. पण मान्यतेचा मथळा होत नाही, क्रमांकाचा होतो.

मग शिक्षक होण्यासाठी विद्यार्थी प्रत्यक्षात करतो काय? बालमानसशास्त्र, आशय, मूल्यमापन हे सगळं पडद्यावर होतं. पाठ टाचणं लिहावी लागतात. आपल्याकडच्या छात्राध्यापकांप्रमाणेच भरपूर, आणि निकषात न बसणारं टाचण परत येतं, पुन्हा लिहावं लागतं. अनुभवी शिक्षकांच्या वर्गांच्या चित्रफिती पाहून त्यांवर टिपणं करावी लागतात. मग प्रत्यक्ष शाळेत जाऊन निरीक्षण करायचं, थोडं थोडं शिकवायला लागायचं. आणि सर्वांत शेवटी किमान बारा आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, पूर्ण वेळ. वर्गशिक्षक मार्गदर्शन करतो, विद्यापीठाने नेमलेला पर्यवेक्षक येऊन पाठ पाहतो. या काळात वेळ सैल नसते. तिसरीचा वर्ग सकाळी भरतो म्हणजे भरतो, आणि ‘मला हे येतं’ असं चार दिवसांत सिद्ध करून सुटका नसते. म्हणजे घड्याळाला सोडचिठ्ठी देणाऱ्या विद्यापीठालाही शिक्षक घडवताना शेवटी घड्याळाकडेच यावं लागलं. वर्गावर नियंत्रण, मागच्या बाकावरच्या मुलाच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की नाही ते ओळखणं, तास संपत आलेला असताना पाठ कुठे आवरायचा याचा अंदाज, या गोष्टी सिद्ध करता येण्याआधी अंगवळणी पडाव्या लागतात.

आता त्या पहिल्या क्रमांकाकडे वळू. ही क्रमवारी काढली होती नॅशनल कौन्सिल ऑन टीचर क्वालिटी या खासगी संस्थेने, आणि ती ‘यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ने प्रसिद्ध केली. प्राथमिक शिक्षकांच्या यादीत त्या वर्षी टेक्सासमधलं डॅलस बाप्टिस्ट विद्यापीठ पहिलं होतं. त्याचंही नाव फारसं कुणाच्या ओठांवर नव्हतं. क्रमवारी काढायची पद्धत अशी: प्रत्येक संस्थेचे अभ्यासक्रम, नेमलेली पुस्तकं, प्रवेशाच्या अटी, सरावाच्या नियमपुस्तिका मिळवायच्या आणि त्या ठरावीक निकषांना उतरतात का ते पाहायचं. कुठल्याही वर्गात जाऊन बसायचं नाही, तिथून निघालेला शिक्षक शाळेत कसा शिकवतो ते पाहायचं नाही. अनेक विद्यापीठांनी कागद द्यायलाच नकार दिला. मिसुरीत तर प्रकरण न्यायालयात गेलं आणि प्राध्यापकाचा अभ्यासक्रम-आराखडा ही त्याची बौद्धिक मालमत्ता आहे, असं तिथल्या न्यायालयाने म्हटलं. खानावळीत न जेवता नुसतं मेनूकार्ड वाचून गुण देण्यातला हा प्रकार, अशी टीका शिक्षणतज्ज्ञांनी केली, आणि ती रास्त होती.

यातून माझा एक तर्क आहे. पारंपरिक अध्यापन महाविद्यालयातलं निम्मं शिक्षण कागदावर नसतंच. ते त्या प्राध्यापकाच्या बोलण्यात, पाठ संपल्यावर व्हरांड्यात दिलेल्या कानपिचक्यांत असतं. वेस्टर्न गव्हर्नर्समध्ये मात्र सगळं आधीच लिहून ठेवावं लागतं, कारण शिकवणारा एक, तपासणारा दुसरा आणि विद्यार्थी हजार मैलांवर. देशभर एकच आराखडा, एकच निकष. कागद वाचून क्रम लावायचा तर ज्याचे कागद सगळ्यात चोख त्याचा नंबर वर जाणारच. याचा अर्थ विद्यापीठ वाईट होतं असा नाही. चोख कागद ही लहान गोष्ट नव्हे; किती तरी नामांकित संस्थांकडे तेवढंही नसतं. पण ‘अमेरिकेत सगळ्यात चांगले शिक्षक इथे तयार होतात’ हा निष्कर्ष त्या यादीतून निघत नाही.

तीन वर्षांनी याच विद्यापीठाची दुसरी बातमी आली. सप्टेंबर 2017 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी लेखापरीक्षण अहवालात म्हटलं, की विद्यार्थ्यांना मदत म्हणून मिळालेले 71 कोटी 30 लाख डॉलर या विद्यापीठाकडून परत घ्यावेत. कारण? अमेरिकी कायद्यानुसार दूरशिक्षणात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित आणि भरीव संवाद असला पाहिजे. नसेल तर तो पत्रद्वारा अभ्यासक्रम ठरतो, आणि निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम तसे असतील तर संस्थेला केंद्राची मदत मिळत नाही. ही निम्म्याची मर्यादा नव्वदच्या दशकात पदव्या टपालाने विकणाऱ्या दुकानांना चाप लावण्यासाठी आलेली. तपासनिसांनी तीन सर्वांत मोठ्या शाखांमधले 102 विषय पाहिले. त्यांपैकी किमान 69 विषयांत असा संवाद आखलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. दर आठवड्याला फोन करणारा मार्गदर्शक? तो विषयतज्ज्ञ नाही, म्हणून शिक्षक नाही. तपासणारा? तो फक्त तपासतो. तिथे जाऊन अडला तो ‘तुला शिकवलं कुणी’ हा प्रश्न.

जानेवारी 2019 मध्ये खात्याने अहवालातली वसुलीची शिफारस फेटाळली. कायदा संदिग्ध होता आणि विद्यापीठाने प्रामाणिकपणे पाळण्याचा प्रयत्न केला, असं कारण दिलं गेलं. एक डॉलरही परत करावा लागला नाही. भरीव संवाद म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या करणारे नवे नियम जुलै 2021 पासून लागू झाले. महानिरीक्षक कायद्याच्या अक्षराने बरोबर असतील, पण ज्या बाईला दर आठवड्याला फोन करून कुणी अभ्यासाला बसवत होतं तिला तो संवाद ‘भरीव’ नव्हता असं सांगणं कठीण आहे. तरीही प्रश्न विचारला गेला हे चांगलंच झालं. ऑनलाइन संस्थेच्या बाबतीत तो विचारायलाच हवा.

आपल्याकडे या सगळ्याचा संबंध थेट पोहोचतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं. प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठीचं त्याचं बी.एड. महाराष्ट्रातल्या शाळांना चांगलं परिचयाचं आहे. पुस्तकं घरी, संपर्क सत्रं अभ्यासकेंद्रावर, सराव पाठ शाळेत अशी त्याची रीत. शिकणारा आधीच वर्गात उभा असतो, हे या रचनेचं मर्म. नियमित बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत घालवण्याची तरतूद आली. त्या अमेरिकी बारा आठवड्यांपेक्षा हे कागदावर तरी जास्तच आहे. ‘कागदावर तरी’ का म्हटलं, ते बी.एड. केलेल्या कुणालाही विचारावं.

सगळ्यात मोठा प्रयोग मात्र विद्यापीठाने नव्हे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने केला. शिक्षण हक्क कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला 31 मार्च 2019 ची अखेरची मुदत मिळाली. तेरा लाखांहून अधिक शिक्षकांनी ‘स्वयम्’ या व्यासपीठावरून आणि दूरचित्रवाणीवरून अठरा महिन्यांची पदविका करायला घेतली. जगात क्वचितच कुठे इतकं मोठं काम झालं असेल. तेव्हा बातम्याही तशाच आल्या. पुढचा भाग कमी लोकांनी वाचला. ही अठरा महिन्यांची पदविका नव्या भरतीसाठी दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची नाही, असा निकाल नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. आधीपासून सेवेत असलेल्यांना दिलासा देणारं स्पष्टीकरण न्यायालयानेच नंतर केलं, पण दरम्यान कित्येकांचा जीव टांगणीला लागला होता. वेळ हेच माप मानणारी व्यवस्था एकीकडे आणि घाईने दिलेली मुदत दुसरीकडे. मध्ये सापडला तो वर्गावर उभा असलेला मास्तर.

सध्या ‘घरबसल्या बी.एड.’च्या जाहिराती मोबाइलवर सर्रास फिरतात. कुणी मानांकनाचा आकडा दाखवतं, कुणी परदेशी विद्यापीठाचं नाव घेतं. पूर्णपणे ऑनलाइन बी.एड.ला भारतात मान्यता नाही. दूरस्थ पद्धतीचं असेल तर संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते, आणि त्यातही शाळेत जाऊन पाठ द्यावेच लागतात. तेव्हा पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधा, आणि प्रवेश देणाऱ्याला सरळ विचारा: सराव पाठ कुठल्या शाळेत, किती आठवडे, आणि पाहायला कोण येणार? उत्तर टाळलं गेलं, तर तिथे प्रवेश घेऊ नका.